पटाचा बैल वखराला

नमनाला घडाभर तेल न घालता सांगून टाकतो. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, दोन सीटची, चारशे-सहाशे अश्वशक्तीची परदेशी स्पोर्ट्स कार रोजच्या वापरासाठी घेणं हा वेडेपणा आहे. हौस म्हणून घ्या, माझी ना नाही. ऐपत असेल तर दोन घ्या. पण "रोज ऑफिसला हीच नेणार आणि महिन्यातून एकदा गावालाही हीच आणणार" असं कोणी म्हणालं, की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

निमित्त घरातलंच आहे, आणि हे वाचणारे निम्मे लोक घरातलेच असल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. कंपनीचे शेअर विकून त्याच्या हाती बरा पैसा आलाय. कष्टाचा आहे, त्याचाच आहे, त्यावर मी बोलणारा कोण? त्याला एक सेकंडहँड इटालियन गाडी दिसली आहे आणि हातातली साधी हॅचबॅक विकून तो एकच गाडी ठेवणार आहे. यावर घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकट्यानेच खाली डोकं केलेला अंगठा टाकला, म्हणून मला "जुन्या विचारांचे काका" अशी पदवी मिळाली. पदवी मान्य. आता कारणं ऐका.

त्याचं म्हणणं असं : "काका, गाडी कव्हर घालून ठेवायला नसते, चालवायला असते." वाक्य झकास आहे. टाळ्या घेणारं आहे. पण त्याला तेल्हाऱ्यातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्यानं उत्तर दिलं असतं.

आपल्या वऱ्हाडात शंकरपट काय असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो : छकड्याला बैलजोडी जुंपून सरळ रेषेत पळवायची, निकाल सेकंदांवर. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून पट पुन्हा भरू लागले. तर या पटाच्या जोडीला घरात काय मान असतो! ढेप वेगळी, अंडी-दूध वेगळं, सावलीतला गोठा वेगळा. आणि तीच जोडी कोणी वखराला जुंपली, तर? अख्खं गाव हसेल. "काऊन रे बावा, घरी बैल नाही काय?" असं तोंडावर विचारतील.

पटाचा बैल वखराला जुंपत नाहीत तो लाडामुळे नव्हे. त्याचं अंग त्या कामासाठी घडवलेलंच नसतं. आठ-दहा सेकंद जीव तोडून पळणं हे एक काम आणि दिवसभर एका चालीनं तास ओढणं हे दुसरं. जुन्या घरी माल वाहायला बंडी असे, माणसं न्यायला दमणी आणि पटासाठी छकडा. बंडी मोडून, दमणी विकून एकटा छकडा ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आपल्या निरक्षर आज्याला जे कळत होतं ते इंजिनियर नातवाला का कळू नये?

असो. आता जरा हिशोब करू. माझी बत्तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर गेली, त्यामुळे गाडीपेक्षा तिच्या खालचं मला जास्त कळतं.

पहिली गोष्ट गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितलाय. ताशी २५ किलोमीटर वेगानं तो आरामात ओलांडता यावा, अशी त्यामागची कल्पना. दोन चाकांमधलं अंतर २.६ मीटर असलेली गाडी अशा उंचवट्यावर मधोमध आली, तर तिच्या पोटाकडे साधारण ५ सेंटीमीटरचा फुगवटा येतो. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटीमीटरवर असतं. म्हणजे कागदावर ती सुटते.

पण तुमच्या गावात शिरताना लागतो तो गतिरोधक असा असतो का? छातीवर हात ठेवून सांगा. कोणीतरी रात्रीतून डांबराचा किंवा सिमेंटचा अर्धा मीटर रुंद, दहा-बारा सेंटीमीटर उंच बांध घातलेला असतो. तो लांबीला आखूड, त्यामुळे त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाला लागते. त्यात दोन माणसं बसली की गाडी आणखी दबलेली. सोळा सेंटीमीटर उंचीवरची अल्टो तिथून "आई गं" करत निघून जाते. स्पोर्ट्स कार तिथेच पोटावर बसते.

पुतण्या म्हणतो, "काका, तिला नाक उचलायचं बटण असतं." असतं ना. बटण दाबलं की पुढचं टोक चार-पाच सेंटीमीटर वर येतं. नाक वाचलं, पोटाचं काय? म्हणून हे लोक गतिरोधक तिरपा ओलांडतात : एक चाक चढवायचं, मग दुसरं, मुंगीच्या पावलानं. तेवढा वेळ सगळा रस्ता अडलेला. मागे एसटी, एसटीच्या मागे कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, तिच्या मागे ऑटोत बसलेली बाळंतीण. एका माणसाच्या गाडीचं पोट वाचावं म्हणून बाकीच्यांनी थांबायचं. ही तक्रार मी गाडीच्या नव्हे, रस्त्यावरच्या इतरांच्या बाजूनं करतोय, हे लक्षात घ्या. रस्ता हा सगळ्यांचा असतो.

दुसरी गोष्ट टायर. लॅम्बोर्गिनी हुराकानचं पुढचं टायर २४५/३० आर २०. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. टायरची रुंदी २४५ मिलिमीटर आणि त्याच्या ३० टक्के म्हणजे जेमतेम साडेसात सेंटीमीटर उंचीची रबराची भिंत. अल्टोचं टायर १४५/८० आर १२, भिंत साडेअकरा सेंटीमीटरची. अल्टोच्या चाकाला खड्ड्याचा धक्का बसला तर तो पिऊन टाकायला साडेअकरा सेंटीमीटर हवा आणि रबर आहे. तीन कोटींच्या गाडीला साडेसात. खड्ड्याची कड चुकली की सरळ मिश्रधातूच्या रिमवर घाव, रिमला भेग. स्टेपनी? बहुतेक अशा गाड्यांत ती नसतेच. डबाभर चिकट द्राव आणि छोटा पंप देतात. भिंत फाटली की तो डबा कपाळावर मारून घ्या. :-)

आणि आमच्याकडे खड्डे का पडतात हेही ऐका, म्हणजे "आता रस्ते सुधारतील" ही आशा किती ताणायची ते कळेल. पूर्णेच्या खोऱ्यातली माती काळी, खोल, चिकणमातीची. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून इतकी भेगाळते की पाय अडकेल. तेल्हारा, अकोट, दर्यापूर ही नावं घेतली की खारपाणपट्टा आठवतो. या मातीतून पाण्याचा निचराच नीट होत नाही. अशा जमिनीवरचा रस्ता म्हणजे दरवर्षी श्वास घेणाऱ्या छातीवर टाकलेली चादर. खालची माती हलली की वरचं डांबर लाटा घेतं. चुना मिसळून, मुरुमाचे थर वाढवून, पाण्याला वाट काढून देऊन हे बरंच आटोक्यात आणता येतं. पण त्याला पैसा आणि दक्षता दोन्ही लागतात आणि गावागावाच्या रस्त्याला दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट रुंदी. गावाकडचा एकपदरी रस्ता मानकाप्रमाणे ३.७५ मीटर. हुराकान आरशांसकट २.२४ मीटर रुंद. समोरून एसटी आली की कोणालातरी डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावं लागतं. आमच्याकडे डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात पावसाळ्यानंतर वीतभर खोली पडलेली असते. अल्टो उतरते, बोलेरो उतरते, बैलबंडीही उतरते. ही उतरणार नाही. म्हणजे एसटीनं उतरायचं, साठ माणसांना घेऊन!

चौथी गोष्ट हंगाम. सोयाबीन निघालं की शेतकरी ते वाळवायला आणि मळायला रस्त्यावर पसरतात. योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण पसरतात हे खरं. त्या वाळक्या कुटारावरून जमिनीला घासत जाणारी, पोटाखाली तापलेला सायलेन्सर असलेली गाडी न्यायची? कुटार खाली अडकून पेटल्याच्या घटना साध्या गाड्यांच्याही होतात. इथे तर वाव आणखीच कमी.

आता "समृद्धी"वाले पुढे सरसावतील, मला माहीत आहे. पुतण्याचा हुकमी एक्का तोच होता. "काका, आता काय तुमच्या वेळचे रस्ते राहिलेत का?" नाही राहिले, आणि त्याचा मला अभिमान आहे. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं. त्या बातमीनं माझ्यासारख्या माणसाचा ऊर भरून आला होता. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ला ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पूर्ण झाला. उत्तम. पण त्या रस्त्यावर कारला वेगमर्यादा किती? ताशी १२०. घाटात त्याहून कमी.

साधी कार सपाट रस्त्यावर ताशी १२०नं चालत ठेवायला किती ताकद लागते? हवेचा विरोध आणि चाकांचं घर्षण मिळून तीस-पस्तीस अश्वशक्ती पुरते. हुराकानमध्ये आहे ६१०. उरलेली पावणेसहाशे कुठे वापरणार? कायदा पाळलात तर ती इंजिनात झोपून राहणार. कायदा मोडलात तर त्या रस्त्यावरचा तुमचा शेजारी म्हणजे झोप अनावर झालेला ट्रकवाला, आणि सरळ, एकसुरी, तापलेल्या काँक्रीटवर टायरांची परीक्षा. वेगाची इतकीच हौस असेल तर सातपुड्याच्या पलीकडे, इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा गोल चाचणी मार्ग २०२१ साली सुरू झालाय. अशा गाड्या त्यांच्या खऱ्या वेगानं पळवायच्या त्या अशा बंदिस्त जागी, जिथे समोरून बकरी येत नाही.

शिवाय समृद्धी आमच्या तेल्हाऱ्याच्या दारात येत नाही. तिच्यावरून उतरल्यावर जो शेवटचा तुकडा राहतो, घर आणि गाडी यांचं खरं नातं तिथे ठरतं. सातशे किलोमीटर लोण्यासारखे आणि शेवटचे वीस खडबडीत असतील, तर गाडी निवडायची ती शेवटच्या वीससाठी.

आता एक उदाहरण. सगळ्यांना माहीत असलेलं, पण त्यातला बोध कोणी घेत नाही. सचिन तेंडुलकर. २००२ साली त्यानं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून. गाडी भारतात आणायची तर सीमाशुल्क सुमारे १ कोटी १३ लाख. २००३ साली सरकारनं ते माफ केलं आणि जो गदारोळ उठला तो आपल्यातल्या पन्नाशीच्या लोकांना आठवत असेल. प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी पैसे फियाटनं भरले. ज्याच्याबद्दल देशात एकमत होतं, त्या माणसाबद्दल लोक पहिल्यांदा कुजबुजले ते एका गाडीपायी! पुढे २०११ साली त्यानं ती फेरारी विकली, सुरतेच्या एका व्यापाऱ्याला.

त्या फेरारीवर एक चित्रपटही आला, राजेश मापुस्करांचा 'फेरारी की सवारी', २०१२ साली. त्यात गाडी कशाला हवी असते आठवतं? नगरसेवकाच्या पोराच्या वरातीला! कथा लिहिणाऱ्यांना आपला समाज बरोबर कळला होता. आपल्याकडे अशा गाडीचं काम म्हणजे वरात. भाजी आणायला ती कोणाला सुचली नाही.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. २०२० साली एका मुलाखतीत सचिन म्हणाला, की त्याची पहिली गाडी, मारुती ८००, आता त्याच्याकडे नाही, ती परत मिळाली तर हवी आहे. कोणाला ठावठिकाणा माहीत असेल तर कळवा. बघा मंडळी. जगात हवी ती गाडी दारात उभी करू शकणारा माणूस. शूमाकरनं किल्ली दिलेली फेरारी त्यानं विकली आणि शोधतोय तो मारुती ८००. का? त्याच्या मनातलं मी काय सांगणार, पण माझा अंदाज सांगतो. मारुती त्याच्या रोजच्या दिवसांची गाडी होती. आठवणी रोजच्या गाडीला चिकटतात. जिची सतत काळजी घ्यावी लागते, तिच्याबद्दल काळजीच आठवते.

रोजची गाडी म्हणजे काय, याची माझी व्याख्या साधी आहे. जिचा विचार करावा लागत नाही ती. चावी फिरवली, निघालो. कुठेही लावली. पोरांनी खिडकीतून चिंचोके फेकले, फेकू दे. दारावर ओरखडा आला, दसऱ्याला बघू. स्पोर्ट्स कारच्या मालकाचा दिवस याच्या उलट. पार्किंगचा उतार किती? पाऊस येईल का? हॉटेलसमोर लावली तर पोरं बॉनेटवर बसून फोटो काढतील का? मागून दोन मोटरसायकलवाले मोबाइलवर व्हिडिओ काढत अंगाशी येतायत, त्यांचा तोल गेला तर? जेवायला बसला तरी जीव गाडीत. याला मालक म्हणायचं की राखणदार?

आणि निगा. त्या फेरारीच्या पिढीतल्या इंजिनांचा टायमिंग बेल्ट साधारण दर तीन वर्षांनी बदलावा असं सांगत, गाडी पळो वा न पळो. त्या काळच्या अनेक गाड्यांत गिअर यंत्र बदलायचं, पण क्लच एकच. गर्दीत इंच इंच सरकताना तो घासून संपायचा. नव्या गाड्यांत दोन क्लच असतात, ते जास्त टिकतात. पण पाठीमागे बसवलेलं मोठं इंजिन अकोल्याच्या मे महिन्यात, ४५च्या वरच्या उन्हात, चौकातल्या गर्दीत काय करत असेल ते त्यालाच ठाऊक. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नसतात. वापरली नाही तर बॅटरी उतरते, टायर एकाच जागी चपटतात, उंदीर वायरी कुरतडतात. आणि बिघडली तर? आमच्या चौकातला मिस्त्री कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडून "होऊन जाते भाऊ" म्हणतो. हिचं बॉनेट उघडलं तर आत डिकी निघेल. :-) मग मुंबईचा रस्ता, तोही सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, नाहीतर एकतर्फी म्हणाल.

पहिला : "होंडानं १९९० साली एनएसएक्स काढली, ती रोज चालवता येत होती. पोर्शे ९११ तर लोक रोज वापरतात." मान्य. पण ती रोज का चालवता येत होती? कारण बाहेरचं नीट दिसायचं, बसणं-उतरणं सोपं होतं, इंजिन भरवशाचं होतं. पोर्शेला तर मागे दोन छोट्या सीटाही आहेत. म्हणजे स्पोर्ट्स कार जितकी साध्या कारसारखी होते, तितकीच रोज वापरता येते. हा माझाच मुद्दा झाला की! आपल्याकडे दिलीप छाब्रियांनी २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत 'अवंती' दाखवली, इथल्या रस्त्यांसाठी म्हणून. तिचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर होतं. अल्टोपेक्षाही वर. इथे राहून स्पोर्ट्स कार करणाऱ्यालाही आधी गाडी उचलावी लागली.

दुसरा : "मग जगायचं कधी? सगळं मुलांसाठी साठवूनच मरायचं का?" हा प्रश्न मला खरंच लागला. कारण आमच्या पिढीनं तेच केलं. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगला कपबशीचा सेट कपाटात. पुतण्याला त्याची चीड आहे आणि ती रास्त आहे. पण चांगली चादर रोज अंथरली तर झोप चांगली लागते. स्पोर्ट्स कार रोज काढली तर प्रवास चांगला होत नाही, उलट वाईट होतो. तिची मजा रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, तासभर. ती मजा रोज सकाळी नऊच्या गर्दीत उकळायला ठेवली की महिन्याभरात तिचा काढा होतो. हौस टिकवायची तरी तिला रोजच्या कामातून सोडवायला हवी. मी हौसेच्या विरुद्ध नाही. हौसेला वखर ओढायला लावू नका, एवढंच म्हणतो.

तिसरा : "पैसा त्याचा, गाडी त्याची, तुम्हाला काय?" हा मात्र मी मानत नाही. कारण त्याच्या हॅचबॅकवर फक्त त्याचा हक्क नाही. कागदोपत्री असेल. पण महिन्यातून एकदा ती तेल्हाऱ्याला येते, तेव्हा मोठे भाऊ आणि वहिनी तिच्यात बसून अकोल्याला डॉक्टरकडे जातात. भाऊंची अँजिओप्लास्टी झालेली, वहिनींचे गुडघे गेलेले. वहिनी पुढच्या सीटवर पाय लांब करून बसतात, भाऊ मागे उशी घेऊन, आणि औषधांची पिशवी मधे. येताना कधी शेजारची सूनबाईही बसते, तिची तपासणी असते म्हणून. पाचव्या जागेवर भाजी. ही गाडी विकून दोन सीटची आणली, तर एका वेळी आई की वडील? गुडघे गेलेल्या बाईनं जमिनीपासून वीतभर उंचीच्या सीटमध्ये उतरायचं कसं आणि उठायचं कसं? दोन माणसं लागतील ओढायला. रात्री दोनला छातीत कळ आली तर गतिरोधक तिरपा करत न्यायचं का?

"भाड्यानं गाडी करू ना काका." करू ना. रोज होतेच की भाड्यानं. पण मग तीन कोटींची गाडी दारात कशासाठी आहे? आई-वडिलांसाठी भाड्याची आणि स्वतःसाठी लाल रंगाची, असा त्याचा अर्थ होतो. त्याला तो अभिप्रेत नाही, मला माहीत आहे. पोरगं प्रेमळ आहे. दर महिन्याला येतं, हेच आजकाल किती जण करतात? म्हणूनच तर एवढं लिहितोय. जो येतच नाही त्याला कोण कशाला सांगेल?

मला भीती वाटते ती एका साध्या गोष्टीची. ज्या गाडीला आपल्या गावाचा रस्ता झेपत नाही, ती गाडी माणसाला गावाला न यायची कारणं पुरवू लागते. पहिल्या महिन्यात "पाऊस आहे काका, पुढच्या आठवड्यात येतो". दुसऱ्या महिन्यात "सर्व्हिसिंगला गेलीय". तिसऱ्यात "तिकडे उभी कुठे करू, सावली नाही". यातलं एकही खोटं नसेल. आणि चौथ्या महिन्यात भाऊ विचारणं बंद करतील. आमच्या घरात लोक रागावत नाहीत, विचारणं बंद करतात.

तेव्हा माझा सल्ला, न मागता : गाडी घ्यायचीच तर घे, पण हॅचबॅक विकू नको. इटालियन गाडी पुण्यातच, छपराखाली, पटाच्या जोडीसारखी सांभाळ. रविवारी पहाटे काढ, धुऊन ठेव, मित्रांना दाखव. एक फेरी मलाही मार, मी काही इतका कोरडा नाही. दोन गाड्या परवडत नसतील, तर तीन कोटींची परवडतच नाही असा त्याचा अर्थ. आणि त्यातही निवड करायचीच झाली, तर तेल्हाऱ्यापर्यंत येऊ शकते ती ठेव.

ता.क. : पोळ्याला सगळे येताय ना? येताना डिकी रिकामी ठेवा. वहिनींनी यंदा तुरीची डाळ प्रत्येकाला दहा किलो काढून ठेवली आहे, मूगही आहेत, लोणच्याच्या बरण्या वेगळ्या. बरण्या मांडीवर घेऊन जाणार असाल तर तसं आधी कळवा, म्हणजे झाकणं घट्ट बसवतो.